स्क्वांटोला इंग्रजी कोणीं शिकविलें?

आपल्याकडील सुशिक्षित वाचकास अमेरिकेचा जो इतिहास ठाऊक असतो तो बहुधा १७७६ पासून पुढचा. वॉशिंग्टन, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, लिंकन आणि गुलामगिरीचा शेवट, एवढ्या चार खांबांवर त्याचें ज्ञान उभें असतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें, तेव्हांपासून त्या देशाविषयींची आपली आदरबुद्धि याच कालखंडाभोंवतीं घोटाळत राहिली आहे, आणि तें अस्वाभाविकही नाहीं. परंतु १७७६ च्या मागें दीडशें वर्षांचा एक काळ आहे. त्या काळांत इंग्रज वसाहतवाले त्या किनाऱ्यावर उतरले, उपासमारीनें मेले, उरले ते शेजाऱ्यांशीं तह करून जगले, आणि पुढें त्याच शेजाऱ्यांशीं त्यांनीं प्राणांतिक युद्ध केलें. हें पान आपल्या वाचनांत कोरें असतें. माझ्याही वाचनांत तें कोरेंच राहिलें असतें. तें उघडावयास लावलें एका आठ वर्षांच्या अमेरिकन मुलानें.

माझी एक भाची मॅसॅच्युसेट्स संस्थानांत प्राथमिक शाळेची शिक्षिका होण्याचें शिक्षण घेत आहे. तिला तिसऱ्या इयत्तेवर सरावाचे पाठ द्यावे लागतात. नोव्हेंबर महिना, 'थँक्सगिव्हिंग'चा सण तोंडावर आलेला, तेव्हां पाठाचा विषय ठरलेलाच होता: १६२० सालीं 'मेफ्लॉवर' जहाजांतून आलेले यात्रेकरू, पहिला कडक हिंवाळा, स्क्वांटो नांवाच्या एका भल्या इंडियनानें त्यांना मका पेरावयास शिकविणें, आणि पुढच्या सुगीला दोन्ही समाजांनीं एकत्र बसून केलेली मेजवानी. गोष्ट तिनें रंगवून सांगितली. स्क्वांटो इंग्रजींत बोलूं लागला तेव्हां एका मुलानें हात वर केला आणि विचारलें, "त्याला इंग्रजी कसें येत होतें?" यात्रेकरूंपासून तो शिकला असेल, असें तिनें उत्तर दिलें. मुलगा म्हणाला, "पण ते तर नुकतेच आले होते ना?" वर्गाच्या मागें बसलेल्या परीक्षक बाईंनीं वहींत कांहींतरी टिपलें आणि पाठ पुढें सरकला.

त्या रात्रीं तिनें मला लिहिलेलें पत्र रागाचें होतें, आणि तो राग बराचसा स्वतःवरच होता. "मामा, हें मला कोणीं शिकविलेंच नाहीं, कीं मीच वाचलें नाहीं?" असें तिनें विचारलें होतें. तिच्या अभ्यासक्रमांत अमेरिकेच्या आरंभींच्या इतिहासाचा एक स्वतंत्र विषय आहे. त्यासाठीं नेमलेल्या पुस्तकांची यादी तिनें सोबत धाडली होती. त्यांपैकीं चार पुस्तकें मिळवून मीं वाचलीं. उद्यां मुलांपुढें उभें राहावयाचें आहे अशा माणसाच्या नजरेनें मीं तीं वाचलीं, हें आधींच सांगून टाकतों. संशोधकाला माझे शेरे तोकडे वाटतील, तर वाटोत.

प्रथम त्या मेजवानीचा पुरावा पाहूं. शाळेच्या पुस्तकांत जिला दोन पानें व एक रंगीत चित्र मिळतें, तिच्यासंबंधीं हजर असलेल्या माणसाचा लेख आहे तो उणापुरा एक परिच्छेद. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्यानें ११ डिसेंबर १६२१ रोजीं इंग्लंडांतील एका मित्रास पत्र लिहिलें. तें पुढल्या वर्षीं लंडनमध्यें एका पुस्तकांत छापलें गेलें. त्यांत तो सांगतो कीं पीक घरांत आल्यावर गव्हर्नरानें चार माणसें पांखरें मारण्यास धाडलीं. त्या दिवसांत बंदुकांचा सरावही झाला. मूळ रहिवासी पुष्कळ आले, त्यांत त्यांचा राजा मॅसॅसॉइट हा सुमारें नव्वद माणसांसह होता. तीन दिवस त्यांचा पाहुणचार केला, आणि त्यांनीं पांच हरिणें मारून आणलीं. इतकेंच. त्यांना आमंत्रण होतें कीं बार ऐकून ते आपण होऊन आले, हें पत्रांत नाहीं. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द तर नाहींच. त्या पंथाच्या लोकांच्या बोलींत त्या शब्दाचा अर्थ सारा दिवस प्रार्थनेंत घालविणें असा होता. खाणेंपिणें आणि नेमबाजी यांना त्यांनीं तें नांव दिलें नसतें. तें नांव या मेजवानीला चिकटलें तें १८४१ सालीं, जेव्हां अलेक्झांडर यंग या बॉस्टनच्या पाद्र्यानें जुने कागद छापतांना एका तळटीपेंत तिला 'पहिलें थँक्सगिव्हिंग' म्हटलें तेव्हां. १८६३ च्या ऑक्टोबरांत यादवी युद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत लिंकननें राष्ट्रीय सणाचा जाहीरनामा काढला. त्यांतही प्लिमथच्या यात्रेकरूंचा उल्लेख नाहीं. सणाची आणि गोष्टीची गांठ पक्की बसली ती मागाहून, आणि ती पक्की करण्यांत शाळांचा वाटा मोठा आहे.

चित्राविषयीं दोन शब्द. प्लिमथच्या पिलग्रिम हॉल या संग्रहालयांत जेनी ब्राउन्स्कोंब या चित्रकर्त्रीनें १९१४ सालीं काढलेलें या प्रसंगाचें मोठें चित्र आहे, आणि शालेय पुस्तकांतील पुष्कळ चित्रांवर त्याची छाप दिसते. त्यांत इंग्रजांची दाटी आहे, मूळ रहिवासी थोडे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर पिसांचीं जीं लांब शिरोभूषणें आहेत तीं शेंकडों कोस पश्चिमेकडील मैदानांतल्या जमातींचीं. विन्स्लोच्या पत्राप्रमाणें पाहुणे नव्वद. यजमान किती? 'मेफ्लॉवर'वरील १०२ उतारूंपैकीं जवळजवळ निम्मे त्या पहिल्या हिंवाळ्यांत मेले होते. म्हणजे पन्नास यजमान आणि नव्वद पाहुणे. हा हिशेब तिसरीच्या मुलाला करतां येतो; चित्र पाहिल्यावर मात्र तो करावा असें त्याच्या मनांतही येत नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. त्याचें उत्तर शोधावयास नव्या संशोधनाची गरज नाहीं. प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानें १६३० पासून पुढें वीसएक वर्षें थोडा थोडा लिहिलेला 'ऑफ प्लिमथ प्लँटेशन' हा जो ग्रंथ, सगळीं शालेय पुस्तकें ज्याच्या आधारावर उभीं आहेत असा, त्यांतच तें आहे. या ग्रंथाच्या हस्तलिखिताची कथाही ऐकण्यासारखी आहे. बॉस्टनच्या एका चर्चच्या ग्रंथसंग्रहांतून तें स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांत नाहींसें झालें. १८५५ सालीं लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील वाड्यांत सांपडलें. १८५६ सालीं समग्र छापलें गेलें. आणि १८९७ सालीं मॅसॅच्युसेट्सला परत आलें. राष्ट्राची आरंभकथा ज्यांत लिहिली आहे तें बाड पाऊणशें वर्षें परक्याच्या कपाटांत पडून राहावें, आणि तोंवर ती कथा तळटिपांवर व ऐकीव गोष्टींवर वाढत जावी, हें मला मोठें बोधक वाटतें.

ब्रॅडफर्डच्या मजकुराला इतर समकालीन लेखांची जोड दिली म्हणजे हकीकत अशी दिसते. टिस्क्वांटम (स्क्वांटो हें त्याचें शाळेंतलें नांव) हा त्याच जागेचा रहिवासी. जेथें प्लिमथ वसलें तेथें त्याचें पॅटक्सेट गांव होतें. १६१४ सालीं टॉमस हंट नांवाच्या इंग्रज कप्तानानें तेथलीं वीसएक माणसें भुलवून जहाजावर घेतलीं आणि स्पेनमधील मालागा बंदरांत गुलाम म्हणून विकावयास नेलीं. टिस्क्वांटम तेथून सुटून लंडनला पोंचला, एका व्यापाऱ्याच्या घरीं राहिला, न्यूफाउंडलंडला गेला, आणि १६१९ सालीं डर्मर नांवाच्या कप्तानाबरोबर आपल्या किनाऱ्यावर परत आला. पांच वर्षांनीं आला तेव्हां गांव उरलेंच नव्हतें. १६१६ ते १६१९ या दरम्यान त्या किनाऱ्यावर सांथीनें अनर्थ केला होता. पॅटक्सेटची वस्ती समूळ नष्ट झाली होती. पुढल्याच वर्षीं यात्रेकरूंना साफसूफ केलेली, पेरणीजोगी जमीन आयती मिळाली ती या मेलेल्या गांवाची. आपल्या बापजाद्यांच्या शेतांत मका कसा पेरावा हें परक्यांना सांगत होता तो हा माणूस.

ब्रॅडफर्ड हा लेखक म्हणून मला फार आवडला. त्याची भाषा साधी, जुन्या दारासारखी जड, आणि तिला स्वतःचा एक ठेका आहे. त्याची श्रद्धा कडवी आहे. टिस्क्वांटम हा देवानेंच धाडलेला साधनरूप मनुष्य, असें तो बेधडक म्हणतो. पण ही श्रद्धा त्याला हंटचें पाप लिहून ठेवण्यापासून परावृत्त करीत नाहीं. टिस्क्वांटमलाही तो देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं: हा मनुष्य स्वतःचा डाव खेळत होता, इंग्रजांनीं सांथ जमिनींत पुरून ठेवली आहे व वाटेल तेव्हां ते ती सोडतील अशी भीति तो आपल्या लोकांना घालीत असे, आणि या कारस्थानांमुळें मॅसॅसॉइटनें त्याचा प्राण मागितला होता, हें सारें त्याच्या ग्रंथांत आहे. १६२२ च्या नोव्हेंबरांत टिस्क्वांटम तापानें मेला. पळवून नेलेला, सुटलेला, घर हरवलेला, दोन भाषांच्या बळावर दोन्हीकडे वजन मिळवूं पाहणारा आणि दोन्हीकडे संशयित ठरलेला असा हा पुरता माणूस ब्रॅडफर्डनें आपल्याला दिला. शालेय पुस्तकानें त्यांतून मक्याचें कणीस तेवढें उचललें. सतराव्या शतकांतील एक धर्मवेडा गव्हर्नर आपल्या काळाच्या पाठ्यपुस्तकांपेक्षां अधिक सरळ निघावा याचें नवल वाटतें.

राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापावयास घेतलीं तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाहीं. पण येथला प्रकार जरा निराळा आहे. आपल्या बखरकारापाशीं पुष्कळदां कागदच नसत. तो ऐकलेलें लिही. येथें अस्सल कागद समोर उघडा असतांना त्याची बखर करण्यांत आली. म्हणून, शिक्षक होऊं पाहणाऱ्याला मी पहिली शिफारस करतों ती ब्रॅडफर्डची. संबंध वाचणें जड जाईल. १६२० ते १६२२ हीं तीन सालें वाचावीं. तेवढ्यानेंही वर्गांतल्या त्या हाताला उत्तर मिळतें.

यादींतलें दुसरें पुस्तक जिल लेपोर यांचें 'द नेम ऑफ वॉर'. हें १९९८ सालीं निघालें. त्याचा विषय १६७५-७६ चें युद्ध. इंग्रजांनीं त्याला 'किंग फिलिपचें युद्ध' असें नांव दिलें. फिलिप म्हणजे वाम्पानोआग लोकांचा नायक मेटाकॉम, मेजवानीस आलेल्या मॅसॅसॉइटचा मुलगा. आणि त्या वेळीं प्लिमथचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, मेजवानीचें पत्र लिहिणाऱ्या एडवर्डचा मुलगा. एका पंक्तीला बसलेल्या दोघांचे मुलगे चौपन्न वर्षांनीं एकमेकांच्या जिवावर उठले. न्यू इंग्लंडमधील निम्म्याहून अधिक इंग्रज गांवांवर हल्ले झाले. ज्या मूळ रहिवाशांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्रजांचा भरंवसा धरला होता, त्यांतल्या शेंकडों जणांना १६७५ च्या हिंवाळ्यांत बॉस्टनसमोरील डियर बेटावर नेऊन ठेवलें. तेथें थंडीनें व उपासानें पुष्कळ मेले. १२ ऑगस्ट १६७६ रोजीं मेटाकॉम गोळीनें ठार झाला. त्याचें मस्तक प्लिमथला आणलें तें १७ ऑगस्टला, आणि त्या दिवशीं प्लिमथच्या चर्चनें 'थँक्सगिव्हिंग' नेमलेलें होतें. १६२१ च्या मेजवानीला जें नांव नव्हतें तें या दिवसाला होतें. मस्तक खांबावर कित्येक वर्षें तसेंच राहिलें.

लेपोर यांचें मुख्य म्हणणें असें कीं युद्धाचा एक भाग रणांगणावर लढला जातो आणि दुसरा कागदावर, आणि कागदावर ज्यानें लढाई मारली त्याचेंच नांव युद्धाला पडतें. इंग्रजांनीं युद्ध चालूं असतांनाच त्याच्या हकीकती छापावयास सुरुवात केली. दुसरी बाजू छापूं शकली नाहीं. या विचाराला धरून त्या प्रत्येक कागद हातीं घेतात आणि विचारतात: हें कोणीं लिहिलें, कोणासाठीं, आणि लिहितांना काय लपविलें? होणाऱ्या शिक्षकाला याहून उपयोगी संवय दुसरी नाहीं. पुस्तकाच्या शेवटच्या भागांत त्या युद्धाच्या स्मृतीची वाटचाल सांगितली आहे. १८२९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मेटामोरा' नाटकांत मेटाकॉम एकाएकीं उदात्त नायक होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. आणि लगेच १८३० सालीं मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हांकलण्याचा कायदा होतो. मेलेल्या शत्रूवर प्रेम करणें किती स्वस्त असतें हें या प्रकरणाइतकें स्पष्ट मीं दुसरीकडे कोठें वाचलें नव्हतें.

या पुस्तकांत माझें मन सर्वांत अधिक गुंतलें तें जॉन सॅसामनपाशीं. तो मॅसॅच्युसेट जमातीचा, इंग्रजी लिहावयास-वाचावयास शिकलेला. नेटिक या ख्रिस्ती इंडियनांच्या गांवीं तो शाळामास्तर होता; १६५३ सालीं कांहीं काळ हार्वर्डमध्यें शिकला; पुढें मेटाकॉमचा लेखनिक झाला. १६७५ च्या जानेवारींत त्यानें गव्हर्नर जोसाया विन्स्लोला जाऊन सांगितलें कीं मेटाकॉम युद्धाची तयारी करीत आहे. गव्हर्नरानें फारसें मनावर घेतलें नाहीं. थोड्याच दिवसांत सॅसामनचें प्रेत असावोम्पसेट तळ्याच्या बर्फाखालीं सांपडलें. त्याच्या खुनाबद्दल तीन वाम्पानोआग पुरुषांवर खटला झाला, जूनमध्यें शिक्षा अंमलांत आली, आणि त्याच महिन्यांत युद्ध भडकलें. या युद्धाचा पहिला बळी एक शाळामास्तर होता, हें माझ्या भाचीच्या यादींतलें पाठ्यपुस्तक सांगत नाहीं. आपल्याला हा मनुष्य अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. १८१३ सालीं मुंबईस येऊन शाळा काढणारे अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडमधून, त्याच पंथाच्या वारसांकडून धाडलेले होते; त्यांना मराठी शिकविणाऱ्या आणि त्यांच्या शाळा चालविणाऱ्या आपल्या पंतोजींकडे दोन्ही बाजूंचे लोक कोणत्या नजरेनें पाहात असतील, याची कल्पना सॅसामनवरून करतां येते. आपल्या पंतोजींच्या सुदैवानें त्यांच्या तळ्यावर बर्फ नव्हतें.

परंतु येथेंच लेपोर यांच्याशीं माझा मतभेद आहे. सॅसामनला त्याच्या साक्षरतेनें मारलें, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वाक्य चटकदार आहे, आणि चटकदार वाक्याचा मोह या लेखिकेला ठिकठिकाणीं आवरत नाहीं. सॅसामन मेला तो एका बाजूची बातमी दुसऱ्या बाजूला सांगितल्यामुळें. तो निरक्षर दुभाषी असता तरीही कदाचित् हेंच झालें असतें. लिहितां येणें आणि मरणें यांत सरळ कार्यकारणभाव जोडला म्हणजे मूळ रहिवाशांचें जग हें मुळांतच अक्षराविरुद्धचें जग होतें असा ग्रह मागें उरतो. तरुण शिक्षिका हा ग्रह सहज उचलील, कारण तो समजावयास सोपा आहे.

या ग्रहाला उत्तर म्हणून लिसा ब्रुक्स यांचें 'अवर बिलव्हड किन' हें २०१८ सालचें पुस्तक वाचावें. ब्रुक्स स्वतः अबेनाकी वंशाच्या. त्यांनीं तेच युद्ध इंग्रज छापखान्याच्या बाहेर उभें राहून पाहिलें आहे. त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागीं दोन माणसें येतात: पोकॅसेटची राणी वीटामू आणि छापखान्यांत काम करणारा निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर. जॉन एलियटनें मॅसॅच्युसेट भाषेंत केलेलें बायबल १६६३ सालीं पुरें छापून निघालें. अमेरिकेंत छापलेलें पहिलें संपूर्ण बायबल तें हेंच. प्रिंटर त्याच छापखान्यांत खिळे जुळवावयास शिकला. युद्धांत तो दुसऱ्या बाजूस होता. मेरी रोलंडसन या पळवून नेलेल्या पाद्र्याच्या पत्नीच्या सुटकेच्या वाटाघाटींचीं पत्रें त्यानें लिहिलीं. युद्ध संपल्यावर तो पुन्हां छापखान्यांत आला. रोलंडसनबाईंनीं आपल्या कैदेची हकीकत लिहिली, ती १६८२ सालीं केंब्रिज येथें त्याच छापखान्यांतून निघाली, आणि तिचे खिळे बहुधा प्रिंटरनेंच जुळविले. ज्या पुस्तकांत त्याच्या लोकांना रानटी म्हटलें आहे त्याचीं अक्षरें त्याच्या बोटांखालून गेलीं! हें वाचल्यावर 'एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला रान' ही मांडणी टिकत नाहीं.

ब्रुक्स यांचें पुस्तक मात्र सोपें नाहीं. गांवांचीं, नद्यांचीं, नात्यांचीं मूळ भाषेंतलीं नांवें एकामागून एक येतात आणि नकाशा उघडा ठेवल्याशिवाय दहा पानेंही पुढें जातां येत नाहीं. कालक्रमही सरळ नाहीं. जिला उद्यां सकाळीं आठ वाजतां वर्गावर उभें राहावयाचें आहे तिनें आधीं लेपोर वाचावें, मग ब्रुक्स, आणि दोघींचें जेथें पटत नाहीं तेथें पेन्सिलीनें खूण करावी. चौथें पुस्तक डेव्हिड सिल्व्हरमन यांचें 'धिस लँड इज देअर लँड', २०१९ सालचें. तिन्हींत सरळ वाचलें जाणारें तेंच. मेजवानीपासून आजच्या वाम्पानोआगांपर्यंत एक धागा त्यांनीं सोडलेला नाहीं. कारागिरी बेताची आहे. पण माहितीसाठीं शिक्षकानें हाताशीं ठेवावें तें हेंच.

एक प्रश्न राहतो, आणि तो मला सुटलेला नाहीं. मेटाकॉमचा एक मुलगा होता, सुमारें नऊ वर्षांचा. बापाच्या मरणापूर्वींच तो आईसह पकडला गेला होता. या मुलाचें काय करावें हा प्रश्न प्लिमथच्या अधिकाऱ्यांनीं पाद्र्यांना विचारला. दोघांनीं लिहिलें कीं बंडखोराच्या मुलाला मारण्यास धर्माची आडकाठी नाहीं. जेम्स कीथ या तिसऱ्यानें बायबलचाच आधार देऊन दया करावी असें लिहिलें. महिने गेले. १६७७ च्या मार्चमध्यें एका पत्रांत ओळ येते कीं फिलिपचा मुलगा आतां विकावयास जात आहे. त्यापुढें त्या मुलाची नोंद नाहीं. मॅसॅसॉइटचा नातू तो. तिसरी-चौथीच्या वर्गांत याच वयाचीं मुलें बसतात.

हें त्यांना सांगावें काय? परीक्षक बाईंचें मत भाचीनें कळविलें आहे: मस्तकाची आणि विक्रीची गोष्ट वरच्या वर्गांसाठीं ठेवावी, लहान मुलांना भेदरवून इतिहास शिकवितां येत नाहीं. मस्तकापुरतें मला हें पटतें. मुलाविषयीं माझें मन दोलायमान आहे. आपणही ध्रुवाची, हरिश्चंद्राच्या रोहिदासाची गोष्ट लहान मुलांना सांगतोंच, आणि तीं ऐकून रडतात व दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच मागतात. पण त्या गोष्टींत शेवटीं कोणी तरी देव प्रसन्न होतो. येथें कोणी होत नाहीं. आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कोठवर न्यावी हें ज्याचें त्यानें वर्गाचे चेहरे पाहून ठरवावें. मात्र शिक्षकाला ती ठाऊक असलीच पाहिजे. ठाऊक असलेली गोष्ट न सांगणारा शिक्षक आणि ठाऊकच नसलेला शिक्षक यांच्या तोंडून बाहेर पडणारी मेजवानी एकच नसते. पहिला निदान 'तेव्हांपासून सगळे गुण्यागोविंदानें राहिले' हें वाक्य उच्चारीत नाहीं.

सिल्व्हरमन यांनीं सांगितलेली एक हकीकत येथें द्यावीशी वाटते. १९७० सालीं यात्रेकरूंच्या आगमनास ३५० वर्षें झालीं म्हणून मॅसॅच्युसेट्समध्यें समारंभ झाला, आणि वाम्पानोआगांच्या वतीनें भाषण करण्यास फ्रँक जेम्स यांना बोलाविलें. तेही शिक्षकच, केप कॉडवरील शाळेंत संगीत शिकवीत. भाषण आधीं दाखवावयास सांगितलें, त्यांनीं दाखविलें, आणि संयोजकांनीं तें नाकारलें. दुसरें लिहून दिलेलें भाषण वाचण्यास त्यांनीं नकार दिला. त्या वर्षींच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशीं प्लिमथच्या टेकडीवर, मॅसॅसॉइटच्या पुतळ्यापाशीं, ते व इतर मूळ रहिवासी जमले आणि तो दिवस त्यांनीं शोकदिन म्हणून पाळला. तो प्रघात पुढें दरवर्षीं चालूं राहिला आहे. सॅसामनपासून तीनशें वर्षांनीं पुन्हां एक शाळामास्तर दोन बाजूंच्या मध्यें उभा राहिला. या खेपेस त्याचें भाषण तरी आपल्याला वाचावयास मिळतें.

भाचीला पंधरवड्यानें त्याच वर्गावर दुसरा पाठ मिळाला. तिनें भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि लाल दोरा पॅटक्सेटपासून मालागापर्यंत, तेथून लंडन, न्यूफाउंडलंड, आणि पुन्हां पॅटक्सेटपर्यंत टांचण्यांनीं ताणला. मुलांनीं बोटांवर वर्षें मोजलीं, पांच भरलीं. कप्तान हंटला शिक्षा झाली काय, हें एका मुलीनें विचारलें. झाली नाहीं, असें तिनें सांगितलें. ज्यानें पहिला हात वर केला होता तो मुलगा नकाशाजवळ आला, दोऱ्याच्या शेवटाशीं थांबला आणि म्हणाला, "मग त्याचें घर कुठें होतें?" भाचीनें पाठ्यपुस्तक उघडून तें रंगीत चित्र काढलें आणि मेजवानीच्या मेजावर बोट ठेवलें.